हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात कॉलेजच्या आर्थिक साहाय्याचा अर्ज: अमेरिकेतील मराठी कुटुंबांसाठी क्रमवार मार्गदर्शन

अमेरिकेतील मराठी घरांत मूल हायस्कूलच्या शेवटच्या वर्षात आले की निबंध, एसएटी आणि कॉलेजांची यादी यांवर महिनोन्महिने चर्चा होते. आर्थिक साहाय्याचा अर्ज मात्र मुदत संपण्याच्या आदल्या दिवशी घाईघाईने भरला जातो. मग कुणाचे नाव सरकारी नोंदीशी जुळत नाही, कुणाच्या आईचे खाते उघडत नाही, कुणी पुण्यातला फ्लॅट लिहायला विसरते, तर कुणी राहत्या घराची किंमत विनाकारण लिहून बसते. पात्र असलेल्या मुलांची मदत अशा चुकांमुळे लांबते किंवा हातची जाते, आणि यांतील बहुतेक चुका कामांचा क्रम चुकल्यामुळे होतात. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच पूर्ण करावेत.

टप्पा १: मूल कोणत्या गटात बसते ते आधी ठरवा (उन्हाळ्याची सुट्टी)

केंद्र सरकारच्या मदतीचा अर्ज म्हणजे फॅफ्सा. तो भरण्याचा हक्क विद्यार्थ्याच्या नागरिकत्वावर अवलंबून असतो, आईवडिलांच्या नागरिकत्वावर नाही. मूल अमेरिकेत जन्मलेले असेल, किंवा त्याच्याकडे ग्रीन कार्ड असेल, तर आईवडील एच-१बी व्हिसावर असले तरी मूल पात्र ठरते. आपण व्हिसावर आहोत म्हणून मुलालाही काही मिळणार नाही, अशी समजूत करून घेऊन अर्ज न भरणारी कुटुंबे आजही भेटतात, आणि ते पाहून खरोखर वाईट वाटते.

मूल स्वतः एच-४ व्हिसावर, म्हणजे एच-१बी धारकाच्या कुटुंबीयांना मिळणाऱ्या व्हिसावर असेल तर त्याला केंद्र सरकारचे अनुदान किंवा कर्ज मिळत नाही, मग ते बालवाडीपासून अमेरिकेत शिकलेले असले तरी. आर्थिक मदतीच्या बाबतीत बहुतेक खासगी कॉलेजे अशा विद्यार्थ्याला आंतरराष्ट्रीय विद्यार्थी मानतात. अशा कुटुंबांनी राज्याचे नियम आणि प्रत्येक कॉलेजचे आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्यांविषयीचे धोरण आधी वाचावे. प्रवेशाचा निर्णय घेताना आंतरराष्ट्रीय विद्यार्थ्याचीही आर्थिक गरज न पाहणारी आणि प्रवेशानंतर ती पूर्ण भागवणारी हार्वर्ड, येल, प्रिन्स्टन, एमआयटी, ॲमहर्स्ट अशी काही मोजकीच कॉलेजे आहेत. बाकीच्या ठिकाणी मदत मागितल्याचा परिणाम प्रवेशावर होऊ शकतो, हे लक्षात घेऊनच यादी करावी.

‘आमचे उत्पन्न जास्त आहे, आम्हाला कोण देणार’ असे म्हणून अर्ज टाळणे हीसुद्धा चूकच आहे. पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला मिळणारे ५,५०० डॉलरपर्यंतचे केंद्रीय कर्ज उत्पन्न कितीही असले तरी मिळू शकते, आणि त्यासाठी फॅफ्सा लागतोच. काही कॉलेजे गुणवत्तेच्या शिष्यवृत्तीसाठीही तो मागतात. शिवाय वर्षाच्या मध्यात नोकरी गेली आणि मदत वाढवून मागायची वेळ आली, तर आधी भरलेला फॅफ्सा हाच त्या विनंतीचा आधार असतो.

याच टप्प्यावर यादीतील प्रत्येक कॉलेजच्या संकेतस्थळावरील नेट प्राइस कॅल्क्युलेटर भरून पाहावा. त्यातून निघणारा आकडा अंदाजाचा असतो. तरीही छापील शुल्क आणि आपल्याला प्रत्यक्ष भरावी लागणारी रक्कम यांत किती फरक पडतो, हे त्यातून कळते. अर्ली डिसिजनने, म्हणजे बांधील राहून, अर्ज करणाऱ्यांनी हे न करता पुढे जाऊच नये.

टप्पा २: नावे आणि खाती (सप्टेंबर)

विद्यार्थी आणि पालक यांची स्टुडंटएड डॉट जीओव्ही या सरकारी संकेतस्थळावर स्वतंत्र खाती लागतात. खात्यातील नाव, जन्मतारीख आणि सोशल सिक्युरिटी नंबर ही माहिती सोशल सिक्युरिटी खात्याच्या नोंदीशी अक्षर न अक्षर जुळली पाहिजे.

मराठी नावांची अडचण नेमकी इथे येते. आपल्याकडे मधले नाव वडिलांचे किंवा नवऱ्याचे असते. भारतीय पासपोर्टवर ते नावाच्या रकान्यात मूळ नावाला जोडून छापलेले असते, सोशल सिक्युरिटी कार्डावर ते कधी मधल्या नावाच्या जागी येते, कधी पहिल्या नावाचाच भाग होते, तर ड्रायव्हिंग लायसन्सवर त्याचे नुसते आद्याक्षर उरते. आईच्या बाबतीत भर पडते ती माहेरच्या आणि सासरच्या आडनावाची. त्यामुळे खाते उघडताना सोशल सिक्युरिटी कार्डच समोर ठेवावे आणि त्यावर जसे छापले आहे तसेच नाव टंकावे. कार्डावरच चूक असेल तर ती आधी सोशल सिक्युरिटी कार्यालयात दुरुस्त करून घ्यावी. त्याला वेळ लागतो, म्हणून हे काम ऑक्टोबरवर ढकलू नये.

आणखी एक अडचण बरीच उशिरा लक्षात येते. मूल भारतात जन्मले, ग्रीन कार्डावर आले आणि आईवडील नागरिक झाल्यावर तेही आपोआप नागरिक झाले, तरी सोशल सिक्युरिटीच्या नोंदीत ते जुन्याच दर्जाने राहते. मग फॅफ्सात ‘नागरिक’ लिहिल्यावर नोंद जुळत नाही आणि कॉलेज पुरावा मागते. मुलाचा अमेरिकन पासपोर्ट घेऊन ही नोंद आधीच अद्ययावत करावी.

आई एच-४ वर असून तिच्याकडे सोशल सिक्युरिटी नंबर नसेल, तर घाबरण्याचे कारण नाही. आईवडील विवाहित असून त्यांनी कर विवरणपत्र एकत्र भरले असेल, तर अर्जात एकाच पालकाने सहभागी होणे पुरते. ज्याच्याकडे नंबर आहे त्याने पुढे व्हावे. विवरणपत्रे वेगवेगळी भरली असतील तर मात्र दोघांनाही खाते लागते. नंबर नसलेल्या पालकालाही ते काढता येते, पण ओळख पटवण्याचे काही जादा सोपस्कार करावे लागतात.

*इशारा:* मुलाचे खाते मुलानेच काढावे. वडिलांनी दोन्ही खात्यांना स्वतःचाच ईमेल किंवा फोन नंबर दिला, तर दुसरे खाते अडते. मुलाने शाळेचा ईमेल पत्ताही देऊ नये, कारण हायस्कूल संपल्यावर तो बंद होतो आणि कॉलेजची पत्रे कुणालाच पोहोचत नाहीत.

*तपासणी:* पुढे जाण्यापूर्वी दोन्ही खात्यांत एकदा आत जाऊन पाहावे, ओळख पडताळली गेल्याचे दिसते का ते बघावे आणि बॅकअप कोड कागदावर उतरवून ठेवावा.

टप्पा ३: मुदतींचा तक्ता आणि कागदपत्रे

फॅफ्सा साधारणपणे १ ऑक्टोबरपासून भरता येतो. केंद्र सरकारची अंतिम मुदत फार पुढची असते आणि ती पाहूनच अनेकजण निर्धास्त राहतात. खऱ्या मुदती राज्याच्या आणि कॉलेजच्या असतात. कॅलिफोर्नियात कॅल ग्रँट या राज्य अनुदानासाठी सर्वसाधारण मुदत २ मार्च असते आणि शाळेकडून गुणांची पडताळणीही जावी लागते. न्यूयॉर्कमध्ये टॅप या राज्य अनुदानाचा अर्ज वेगळा असतो. न्यू जर्सीत फॅफ्सानंतर राज्याच्या पोर्टलवर जादा प्रश्नांची उत्तरे द्यावी लागतात, आणि एडिसनपासून प्रिन्स्टनपर्यंतच्या आपल्या मंडळींकडून नेमके तेच राहून जाते. इलिनॉयमध्ये मॅप अनुदानाचा निधी मर्यादित असल्याने लवकर अर्ज करणाऱ्याचा फायदा होतो. अर्ली डिसिजनच्या कॉलेजांची आर्थिक कागदपत्रांची मुदत बहुधा नोव्हेंबरमध्येच असते. प्रत्येक कॉलेजपुढे फॅफ्सा, सीएसएस प्रोफाइल (काही कॉलेजे मागतात तो वेगळा अर्ज, पाहा टप्पा ६) आणि इतर कागदपत्रे अशा तीन तारखा लिहून तक्ता करावा.

उत्पन्नाची माहिती दोन वर्षांपूर्वीची घेतली जाते. २०२७ च्या शरद ऋतूत कॉलेज सुरू करणाऱ्या विद्यार्थ्याच्या अर्जासाठी २०२५ चे कर विवरणपत्र लागते. बँक शिल्लक आणि मालमत्तेची किंमत मात्र अर्ज भरण्याच्या दिवसाची लिहायची असते. हा फरक लक्षात न आल्याने दोन वर्षांपूर्वीची शिल्लक लिहिणारे अनेक आहेत.

टप्पा ४: अर्जाची सुरुवात, निमंत्रण आणि संमती (ऑक्टोबर)

अर्ज विद्यार्थ्याने स्वतःच्या खात्यातून सुरू करावा, म्हणजे कुणाची माहिती कुठल्या भागात जाते याचा गोंधळ होत नाही. आपला भाग भरताना तो पालकाला ईमेलने निमंत्रण पाठवतो. पालकाने त्या निमंत्रणातूनच, स्वतःच्या खात्याने अर्जात शिरावे. बाप मुलाच्या खात्यातून मुलाच्याच भागात स्वतःचे उत्पन्न लिहितो, ही फॅफ्सातील सर्वांत महागडी चूक आहे. विद्यार्थ्याच्या उत्पन्नाला आणि मालमत्तेला वेगळे, बरेच कडक गणित लागू होते, त्यामुळे घराची देण्याची क्षमता प्रत्यक्षाहून कितीतरी मोठी दिसते.

यानंतर येते संमती. कर खात्याकडून माहिती थेट मागवण्यासाठी विद्यार्थी आणि सहभागी पालक, दोघांनीही संमती द्यावी लागते. ज्याने विवरणपत्र भरलेलेच नाही, त्यानेही ती द्यायची असते. एकाने जरी नाकारली तरी घराची देण्याची क्षमता दाखवणारा निर्देशांक काढला जात नाही आणि केंद्राची मदत थांबते. संमतीनंतर करविषयक आकडे पडद्यावर दिसत नाहीत. ते आले नाहीत असे समजून अर्ज पुन्हा सुरू करू नये.

कुटुंब नुकतेच भारतातून आले असेल आणि त्या वर्षाचे विवरणपत्र फक्त भारतात भरले असेल, तर उत्पन्न डॉलरमध्ये करून हाताने लिहावे लागते. विनिमय दर अर्ज भरण्याच्या तारखेच्या आसपासचा धरावा आणि दर कुठून घेतला याची नोंद ठेवावी.

कुटुंबातील सदस्यसंख्या लिहिताना आजी-आजोबांचा प्रश्न हमखास येतो. ते अमेरिकेत आपल्याच घरी राहत असतील आणि त्यांचा निम्म्याहून अधिक खर्च आपण करत असू, तर त्यांना मोजता येते. सातारला किंवा नाशिकला राहणाऱ्या आईवडिलांना आपण दरमहा पैसे पाठवत असलो तरी त्यांना इथे मोजता येत नाही. तो खर्च सांगण्याची जागा पुढे, टप्पा ६ मध्ये आहे.

*तपासणी:* विद्यार्थ्याची सही आणि पालकाची सही, दोन्ही झाल्याशिवाय अर्ज पाठवला गेला असे समजू नये. पाठवल्याची पोच दोघांच्याही ईमेलवर आली का ते पाहावे.

टप्पा ५: मालमत्ता, इथली आणि भारतातली

हा भाग सावकाश भरावा, कारण मराठी कुटुंबांच्या बहुतेक चुका याच पानावर होतात.

आधी काय लिहायचे नाही ते पाहू. राहते घर फॅफ्सात लिहायचे नाही. ४०१के, आयआरए यांसारखी निवृत्तीची खाती लिहायची नाहीत. आयुर्विमाही लिहायचा नाही. ४०१के मधले लाखभर डॉलर गुंतवणुकीच्या रकान्यात लिहिले, तर मिळणारी मदत स्वतःच्या हाताने कमी केल्यासारखे होते.

लिहायचे ते असे: बँकांतील शिल्लक, शेअर, म्युच्युअल फंड, राहत्या घराखेरीज इतर स्थावर मालमत्ता, आणि ज्या मुलासाठी अर्ज आहे त्याचे ५२९ खाते, म्हणजे शिक्षणासाठीचे करसवलतीचे बचत खाते. भावंडांची ५२९ खाती आता पालकांच्या मालमत्तेत धरली जात नाहीत. आजी-आजोबांच्या नावावरील ५२९ खातेही फॅफ्सात येत नाही.

मालमत्ता जगात कुठेही असली तरी ती मालमत्ताच असते. आईवडिलांच्या नावावर पुण्यात फ्लॅट असेल, मग तो भाड्याने दिलेला असो, बंद असो किंवा त्यात आजी-आजोबा राहत असोत, तो लिहावा लागतो. एनआरई आणि एनआरओ या अनिवासी भारतीयांच्या बँक खात्यांतील ठेवी, भारतातील म्युच्युअल फंड आणि गुंतवणूक म्हणून घेतलेला प्लॉटही लिहावा लागतो. किंमत आजची लिहायची आणि त्यावरील कर्ज वजा करायचे. २००५ मध्ये काय भावाने घेतला होता, हे विचारलेले नाही. फ्लॅट आजोबांच्या नावावर असेल आणि वडील फक्त नॉमिनी असतील, तर तो वडिलांच्या मालमत्तेत धरायचा नाही, कारण नामनिर्देशनाने मालकी मिळत नाही.

वडिलोपार्जित जमिनीबद्दल विशेष काळजी घ्यावी. सातबारा उताऱ्यावर वडिलांसह काका आणि आत्या यांचीही नावे असतील, तर फक्त वडिलांचा हिस्सा लिहायचा. वाटणीचा दावा न्यायालयात चालू असेल, तर अंदाजाने आकडा न टाकता कॉलेजच्या आर्थिक साहाय्य कार्यालयाला लेखी विचारावे. ज्या शेतावर कुटुंब स्वतः राहते त्याला २०२६-२७ पासून फॅफ्सातून सूट मिळाली आहे. न्यू जर्सीत राहणाऱ्या कुटुंबाच्या सांगलीतील शेतीला ती सूट लागू होत नाही.

पैसे कुणाच्या नावावर आहेत, यालाही फार महत्त्व आहे. आजीने नातवाच्या नावावर ठेवलेले १०,००० डॉलर त्याच्या मालमत्तेत २० टक्क्यांनी धरले जातात, म्हणजे निर्देशांकात २,००० डॉलरची भर पडते. तेच पैसे आईवडिलांच्या खात्यात असते तर जास्तीत जास्त ५.६४ टक्के, म्हणजे ५६४ डॉलर धरले गेले असते. मुलाच्या नावावर आधीच असलेली रक्कम कायद्याने त्याचीच असते आणि ती मनाला येईल तशी फिरवता येत नाही. तिच्यातून मुलाच्या शिक्षणासाठी खरोखर लागणारा लॅपटॉप किंवा परीक्षांचे शुल्क अर्ज पाठवण्यापूर्वी भरणे योग्य ठरते. त्याचप्रमाणे क्रेडिट कार्डाची बाकी किंवा घराचा कर तसाही भरायचाच असेल, तर तो अर्ज पाठवण्यापूर्वी भरावा, म्हणजे बँक शिल्लक खरी दिसते.

*इशारा:* ‘भारतातले कोण बघायला येणार’ हा सल्ला कितीही ओळखीच्या माणसाकडून आला तरी ऐकू नये. अर्जावर खरेपणाची सही असते. भारतातले भाडे आणि व्याज अमेरिकन कर विवरणपत्रात दिसते आणि त्यावरून मालमत्तेचा प्रश्न निघतोच. खोटी माहिती सिद्ध झाली तर मदत परत करावी लागते आणि दंडही होऊ शकतो. व्हिसावर असलेल्या कुटुंबाने हा धोका पत्करूच नये.

टप्पा ६: सीएसएस प्रोफाइल

अनेक खासगी कॉलेजे आणि काही मोठी सार्वजनिक विद्यापीठे स्वतःच्या निधीतून मदत देण्यासाठी कॉलेज बोर्डाचा हा वेगळा अर्ज मागतात. यात प्रश्न कितीतरी अधिक असतात. राहत्या घरातील आपला वाटा, नातेवाइकांकडून मिळणारी मदत आणि पुढच्या वर्षाच्या उत्पन्नाचा अंदाज असे बरेच काही विचारले जाते. पहिल्या कॉलेजसाठी २५ डॉलर आणि पुढच्या प्रत्येकासाठी १६ डॉलर शुल्क असते. वार्षिक उत्पन्न १,००,००० डॉलरपर्यंत असलेल्या कुटुंबांच्या मुलांना पदवीपूर्व प्रवेशासाठी ते माफ होते. फॅफ्साला मात्र कधीच शुल्क नसते. कुणी फॅफ्सासाठी पैसे मागत असेल तर ते संकेतस्थळ ताबडतोब बंद करावे.

फॅफ्सात आणि प्रोफाइलमध्ये एकाच गोष्टीचे दोन आकडे लिहिले गेले, तर कॉलेज स्पष्टीकरण मागते. म्हणून दोन्ही अर्ज शक्यतो त्याच आठवड्यात भरावेत. भारतातील आईवडिलांचा औषधोपचार, बहिणीच्या शिक्षणाला लावलेला हातभार किंवा नोकरीतील अनिश्चितता हे सगळे ‘विशेष परिस्थिती’च्या रकान्यात मोजक्या वाक्यांत, रकमेसह लिहावे. नुसते ‘आम्ही भारतात पैसे पाठवतो’ हे पुरत नाही. वर्षाला किती, कुणाला आणि कशासाठी, हे लिहावे आणि बँकेच्या पावत्या जपून ठेवाव्यात.

टप्पा ७: अर्ज पाठवल्यानंतर

काही दिवसांत खात्यावर अर्जाचा सारांश दिसतो. त्यात निर्देशांक असतो. तो शून्याखाली, उणे १,५०० पर्यंत जाऊ शकतो आणि जितका कमी तितकी गरज जास्त मानली जाते. तो आकडा म्हणजे आपल्याला भरावे लागणारे शुल्क नव्हे. सारांशात कॉलेजांची यादी, नागरिकत्वाची नोंद आणि काही त्रुटी दाखवल्या आहेत का, हे त्याच दिवशी तपासून दुरुस्ती करावी.

काही अर्ज पडताळणीसाठी निवडले जातात. यात संशयाचा भाग नसतो, पण मागितलेली कागदपत्रे मुदतीत गेली नाहीत तर मदत थांबते. ती कॉलेजच्या पोर्टलवर मागितली जातात आणि मुलांना ते पोर्टल रोज पाहण्याची सवय नसते. जानेवारीपासून आठवड्यातून एकदा आईने किंवा वडिलांनी मुलाच्या शेजारी बसून प्रत्येक पोर्टल उघडून घ्यावे.

टप्पा ८: मदतीचे पत्र वाचणे आणि वाढवून मागणे (मार्च, एप्रिल)

पत्रातील एकूण रकमेकडे पाहून आनंद मानू नये. अनुदान आणि शिष्यवृत्ती हे परत न करायचे पैसे वेगळे लिहावेत. पेल हे केंद्राचे अनुदान २०२५-२६ साठी जास्तीत जास्त ७,३९५ डॉलर होते. वर्क-स्टडी म्हणजे काम करून मिळवायचे पैसे, ते आधी हातात येत नाहीत. कर्जाची रक्कम तिसऱ्या रकान्यात टाकावी. विद्यार्थ्याच्या ५,५०० डॉलरपैकी जास्तीत जास्त ३,५०० डॉलरवरचेच व्याज शिकत असताना सरकार भरते आणि उरलेल्यावर पैसे मिळाल्या दिवसापासून व्याज चढते. पेरेंट प्लस हे पालकांच्या नावाचे कर्ज आहे. पत्रात ते ‘मदत’ म्हणून छापलेले असले तरी एच-१बी वरील पालकांना ते मिळतच नाही. नव्या कर्जांसाठी १ जुलै २०२६ पासून त्याला प्रत्येक विद्यार्थ्यामागे वर्षाला २०,००० आणि एकूण ६५,००० डॉलरची मर्यादाही आहे. शिक्षण, निवास, जेवण, पुस्तके आणि प्रवास यांच्या एकूण खर्चातून फक्त पहिला रकाना वजा करून कॉलेजांची तुलना करावी.

दोन वर्षांपूर्वीच्या उत्पन्नावर ठरलेली मदत आजच्या परिस्थितीला अपुरी असेल, तर ती वाढवून मागण्याचा मार्ग कायद्यानेच ठेवलेला आहे. मधल्या काळात नोकरी गेली असेल, पगार घटला असेल, किंवा आजारपणाचा मोठा खर्च आला असेल, तर आर्थिक साहाय्य कार्यालयाला फेरविचाराचे पत्र लिहावे. पत्र एका पानाचे असावे. काय बदलले, कोणत्या तारखेपासून, आणि या वर्षीचे अपेक्षित उत्पन्न किती, एवढेच त्यात असावे, आणि सोबत नोकरी संपल्याचे पत्र, बेरोजगार भत्त्याची नोंद किंवा रुग्णालयाची बिले जोडावीत. आपल्या लोकांना असे मागणे भिडेचे वाटते, पण ही विनंती हाताळणे हे त्या कार्यालयाचे रोजचे काम आहे. फक्त ती वेळेत जायला हवी. प्रवेश निश्चित करण्याची तारीख बहुतेक ठिकाणी १ मे असते, म्हणून पत्र मिळाल्यावर आठवड्याभरात फेरविचाराची विनंती जावी आणि उत्तर येईपर्यंत अनामत रक्कम भरण्याची मुदत वाढवून मिळेल का, हेही त्याच ईमेलमध्ये विचारावे.

बाहेरची एखादी शिष्यवृत्ती, अगदी गावच्या महाराष्ट्र मंडळाची छोटी रक्कमही, मिळाली तर ती कॉलेजला कळवावी लागते. काही कॉलेजे तेवढ्या रकमेने आधी कर्ज किंवा वर्क-स्टडी कमी करतात, तर काही थेट आपले अनुदान कमी करतात. कोणते धोरण आहे, हे १ मे पूर्वीच विचारून घ्यावे. फॅफ्सा दर वर्षी नव्याने भरावा लागतो, त्यामुळे या वर्षीच्या किमतींचा आधार, विनिमय दर आणि सातबाऱ्यावरील हिस्सा यांची कागदपत्रे एका फाइलमध्ये लावून ठेवावीत.